इंजिन गरम झाल्यावरच गाडी मिसिंग मारते? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. आयडलिंग छान, पिकअप छान. पंधरा-वीस मिनिटं चालवली, टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी आला, की सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरायला लागतं. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की झटके बसतात आणि सायलेन्सरचा आवाज तुटक येतो. यालाच मिसिंग म्हणतात: एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. कधी चेक इंजिनचा दिवा लागतो, कधी नुसता लुकलुकून विझतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये न्यावी तर तिथे गाडी अगदी ठणठणीत. मग प्लग बदलले जातात, थ्रॉटल बॉडी साफ होते, इंजेक्टर क्लीनिंगचं बिल लागतं आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

हा दोष खरं तर फार अवघड नसतो. तो सापडत नाही कारण गाडी थंड असताना तपासली जाते. दोष उष्णतेमुळे उघडा पडतो, म्हणून तपासणीही गाडी गरम असताना, मिसिंग चालू असतानाच व्हायला हवी. खाली लिहिलेलं सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलचं शास्त्र वेगळं आहे.

आधी एक सावधगिरी. चेक इंजिनचा दिवा स्थिर लागलेला असेल तर सावकाश घरी जाता येतं. तो लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं जास्त आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला) धोका आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कन्व्हर्टरच्या आत जळतं, तिथलं तापमान भलतंच वाढतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. मग कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाच्या) किमतीत निभावणारं काम कन्व्हर्टरच्या किमतीवर जातं. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, आणि पुढे जाणं भागच असेल तर हलक्या पायाने, कमी लोडवर चालवा.

कोड पुसू नका

२०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये ओबीडी-२ आहे, म्हणजे गाडी स्वतःचे दोष कोडच्या रूपात नोंदते ती यंत्रणा. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावायचा ब्लूटूथ अॅडॅप्टर आणि मोबाइलवरचं अॅप एवढ्यावर घरच्या घरी कोड वाचता येतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलेंडर, पी ०३०२ दुसरा, याच क्रमाने पुढे. पी ०३०० म्हणजे मिसिंग एका ठराविक सिलेंडरला नाही, इकडेतिकडे होतंय. बहुतेक गाड्यांत सिलेंडरचे नंबर टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूने मोजायचे.

कोडपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे फ्रीज फ्रेम. कोड नोंदला गेला त्या क्षणी पाण्याचं तापमान किती होतं, आरपीएम किती, वेग किती, इंजिनवर लोड किती, हे ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) जपून ठेवतो. गरम असतानाच्या मिसिंगचं अर्धं उत्तर त्या चार आकड्यांत असतं. तापमान ९०, आरपीएम ७५०, वेग शून्य असेल तर विचार एका दिशेने जातो. तापमान तेच, पण आरपीएम २५०० आणि लोड ८० टक्के असेल तर पूर्ण दुसऱ्या दिशेने. आणि अनेक गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्या लावल्या पहिलं काम होतं ते कोड पुसायचं! त्याबरोबर फ्रीज फ्रेमही जाते. गाडी देताना स्पष्ट सांगा: आधी फोटो काढा, मग पुसा.

ईसीएमला मिसिंग कळतं ते क्रँकशाफ्टच्या वेगातल्या चढउतारांवरून. एखाद्या सिलेंडरने धक्का दिला नाही की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो. त्यामुळे खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांतून येणाऱ्या धक्क्यांनीही कधी कधी खोटा कोड पडतो. गाडीत काहीच जाणवत नसेल आणि पावसाळ्यात खराब रस्त्यावरच पी ०३०० येत असेल, तर इंजिन खोलायची घाई नको.

आणखी एक चकवा इथेच सांगून ठेवतो. मिसिंगच्या कोडसोबत बऱ्याचदा पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड येतो. ठिणगी पडली नाही तर त्या सिलेंडरातला ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर पडतो. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की पेट्रोल कमी पडतंय. बिचारा सेन्सर खरं तेच सांगत असतो, पण बदलला जातो तोच. एकाच सिलेंडरचा मिसिंग कोड सोबत असेल तर आधी मिसिंग सोडवा.

गरम झाल्यावर नक्की काय बदलतं

दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या वेगळ्या ठेवल्या तर शोध सोपा होतो.

पहिली म्हणजे भाग तापतात. कॉइलमधली तार, सेन्सरमधली वेटोळी, वायर जोडणाऱ्या कपलरच्या पिना, इंजिनचे व्हॉल्व्ह, सगळं प्रसरण पावतं. २० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की तांब्याचा रेझिस्टन्स सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. तारेवरच्या इन्सुलेशनला केसाएवढी चीर असेल तर ती उष्णतेने उघडते आणि करंट भलत्या वाटेने जातो.

दुसरी म्हणजे ईसीएमची पद्धत बदलते. थंड इंजिनला तो मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. इंजिन आणि ऑक्सिजन सेन्सर तापले की तो सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल मोजून द्यायला लागतो. म्हणजे कुठेतरी हवा खेचली जात असेल, किंवा इंजेक्टर थोडा तुंबला असेल, तर सकाळच्या जास्तीच्या पेट्रोलखाली तो दोष झाकला जातो आणि गरम झाल्यावर बाहेर येतो. भाग तापल्यामुळे बिघडलेला नसतो, फक्त पांघरूण निघालेलं असतं. पेट्रोलची वाफ टाकीच्या कॅनिस्टरमधून इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्हही इंजिन गरम झाल्यावरच कामाला लागतो. काही गाड्यांत ईजीआरचंही (जळालेला वायू थोडा परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचंही) तसंच.

सीएनजी गाडी असेल तर याच्याही आधी एक प्रश्न विचारा. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि पाणी थोडं तापलं की आपोआप गॅसवर जातात. मालक सांगतो "गरम झाल्यावर मिसिंग", आणि असतं "गॅसवर गेल्यावर मिसिंग". गाडी पूर्ण गरम करा, मग स्विच दाबून पेट्रोलवर आणा आणि त्याच रस्त्याने चालवा. मिसिंग गेलं तर उष्णतेचा संबंध नाही. गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचे इंजेक्टर बघा, आणि प्लग-कॉइल तर बघाच, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉइल पेट्रोलवर कशीबशी तग धरते आणि गॅसवर उघडी पडते.

कॉइल: सगळ्यात आधी इथे

एकाच सिलेंडरचा कोड, इंजिन गरम, लोडखाली झटके. एवढी लक्षणं जुळली की मी सरळ कॉइलकडे जातो. चढावर सिलेंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो, आणि त्या दाबात प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं. इन्सुलेशन कुठे कमकुवत असेल तर वीज फट ओलांडण्याऐवजी तिथून निसटते.

माझ्या मेव्हण्याची चार सिलेंडरची पेट्रोल गाडी याचं चांगलं उदाहरण. पुणे-सातारा नेहमीची ये-जा. कात्रज ओलांडून शिरवळपर्यंत काही नाही, खंबाटकीच्या चढावर मात्र तिसऱ्या-चौथ्या वळणापासून झटके सुरू. कोड पी ०३०३. आधीच्या गॅरेजने प्लग बदलले होते, मग इंधन पंपही बदलला होता. पंप बदलायचं काही कारणच नव्हतं. पंप कमी पडत असेल तर चारही सिलेंडर उपाशी राहतात, एकटा तिसरा नाही.

घाट चढून वर थांबलो. इंजिन बंद केलं, हातमोजे घालून तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली. कोडचा फोटो घेऊन पुसला आणि गाडी लगेच, गरम असतानाच पुढे काढली. पुढच्या चढाला झटके आले तेव्हा कोड होता पी ०३०२. दोष कॉइलबरोबर सरकला. अदलाबदलीची ही चाचणी फुकट आहे, आणि गरम इंजिनावर केली तर ती सहसा फसवत नाही.

घरी येऊन त्या कॉइलचा रेझिस्टन्स मीटरने मोजला तर बाकीच्या तिन्हींइतकाच आला. हे मुद्दाम सांगतोय, कारण "मीटरवर कॉइल ओके आहे" हे वाक्य फार ऐकू येतं. मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो, कॉइल हजारो व्होल्टवर काम करते. इन्सुलेशनची गळती त्या मीटरला दिसणारच नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिन आयडलिंगला ठेवून, फक्त त्या एका कॉइलच्या डोक्यावर केस वाळवायचा हेअर ड्रायर धरला. इंजिनचं पाणी अजून कोमट, आणि काही मिनिटांत आयडलिंग अडखळायला लागलं. शेजारच्या कॉइलवर तेवढाच वेळ ड्रायर धरला तर इंजिन हललंही नाही. नंतर कॉइल उजेडात फिरवून पाहिली तर काळ्या रेझिनवर, धातूच्या पट्टीला लागून, करड्या रंगाची बारीक वाकडी रेघ होती. वीज तिथूनच निसटत होती.

कॉइल काढलीच आहे तर खालचा रबरी बूटही उलटसुलट करून पाहा. आतून बारीक काळी रेघ दिसली, किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी रेषा दिसली, तर बूट आणि प्लग दोन्ही बदला. नुसता प्लग बदलून जुना बूट लावला तर नव्या प्लगवर तीच रेघ पुन्हा उमटते. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गेलेलं आहे, ते आधी करा. ऑइलने बूटाचं रबर फुगून मऊ पडतं.

जुन्या गाड्यांमध्ये प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल नसते. एक कॉइल दोन प्लग चालवते, बहुधा १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. १ आणि ४ दोन्हींचे कोड एकदम आले तर प्लग आणि इंजेक्टर सोडा, कॉइल पॅक आणि त्याचा कपलर बघा.

कॉइल बदलूनही तोच सिलेंडर

कॉइल सरकवली, प्लग सरकवला, तरी कोड जागचा हलला नाही, तर दोष त्या सिलेंडरचाच. आता इंजेक्टर. गरम असताना इंजेक्टरचा कपलर काढून रेझिस्टन्स मोजा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तो सहसा १२ ते १६ ओहमच्या आसपास असतो, आणि चौघांचा जवळपास सारखा हवा. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजेक्टरला लावून टिकटिक ऐकणं ही जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. शेजाऱ्यांच्या मानाने एखादा मंद वाजत असेल तर इंजेक्टरही अदलाबदल करून पाहा.

कपलरच्या पिना सैल होणं आणि उंदरांनी वायर कुरतडणं ही आपल्याकडची नेहमीची कारणं आहेत. पावसाळ्यात उंदीर उबेला बॉनेटखाली येतात. अर्धवट कुरतडलेली वायर थंडीत टेकून राहते आणि तापली की सुटते. आयडलिंगला वायरिंग हाताने हलवत जा, फिरणाऱ्या बेल्टपासून आणि पंख्यापासून बोटं लांब ठेवून. आवाज बदलला तिथे थांबा.

टॅपेट टाइट: सगळ्यात दुर्लक्षित कारण

या कारणासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग; त्याची फट जास्त असेल तर तो सैल, कमी असेल तर टाइट. टॅपेट सैल असतील तर टिकटिक वाजतात, म्हणून सगळ्यांच्या लक्षात येतं. टाइट टॅपेट आवाजच करत नाहीत. उलट इंजिन नेहमीपेक्षा शांत वाटतं, आणि मेकॅनिक कौतुकाने म्हणतो, "इंजिन एकदम स्मूथ आहे."

व्हॉल्व्ह तापला की लांबतो. त्यासाठीच थंड इंजिनावर फट सोडलेली असते. वर्षानुवर्षं चालून व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट कमी कमी होत जाते. सीएनजीवर हे लवकर होतं, कारण गॅस कोरडा आहे आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जास्त झिजते. थंड असताना जेमतेम फट उरलेली असते, म्हणून गाडी नीट चालते. गरम झाल्यावर ती संपते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि तो सिलेंडर आयडलिंगला मार खातो. आरपीएम वाढवला की गळायला वेळच कमी मिळतो, म्हणून २००० च्या वर मिसिंग जवळजवळ नाहीसं होतं. लोडखाली झटके आले तर कॉइल, गरम आयडलिंगला धडधड आणि रेस दिल्यावर सुरळीत झाली तर टॅपेट. हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

ओळखीच्या एका टॅक्सीवाल्या दादांची गाडी अशीच होती. बहुतेक सगळं रनिंग गॅसवर. कॉइल, प्लग, इंजेक्टर, सगळं बदलून झालेलं, आणि गरम झाल्यावर कोड चौथ्या सिलेंडरचाच. थंड इंजिनाचं कॉम्प्रेशन चारही सिलेंडरांत बरोबर होतं, त्यामुळे "इंजिनात काही नाही" असं त्यांना सांगितलं गेलं होतं. गाडी चालवून आणली, प्लग काढता येतील इतपतच निवू दिली, आणि पुन्हा घेतलं तर चौथा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली. रात्रभर थंड झाल्यावर व्हॉल्व्ह कव्हर काढून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घातलं, तर चौथ्याच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली सगळ्यात पातळ पातंही सरकेना. टॅपेट सेट केले आणि गाडी नीट झाली. आणखी काही महिने तशीच चालवली असती तर गरम वायूच्या झोताने व्हॉल्व्हची कडा जळाली असती आणि हेड उतरवावं लागलं असतं.

कॉम्प्रेशन घेताना इंधन पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कपलर सोडा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा. आकडा किती यापेक्षा चौघांतला फरक किती हे महत्त्वाचं. इंजिन कढत असताना प्लग जोराने फिरवू नका, अॅल्युमिनियम हेडचे आटे निघून येतात. फट किती हवी ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. काही इंजिनांत स्क्रू असतो, काहींत बकेट किंवा शिम बदलावी लागते, आणि हायड्रॉलिक टॅपेट असतील तर सेटिंगचा प्रश्नच येत नाही.

सगळेच सिलेंडर एकदम

पी ०३०० असेल तर सामाईक गोष्टींकडे वळा. आयडलिंगलाच त्रास असेल तर अॅपमध्ये फ्यूल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा. गरम आयडलिंगला ट्रिम अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठून तरी हवा खेचली जातेय: इनटेकचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, तडकलेला पीसीव्ही पाइप (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणारा). उलट लोड वाढेल तशी ट्रिम वाढत असेल तर पंप किंवा फिल्टर. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम काही टक्के अधिक दिसली तर त्याचं खापर कशावर फोडू नका. पर्ज व्हॉल्व्हची शंका असेल तर गरम आयडलिंगला त्याचा पाइप पक्कडीने, फडकं लावून दाबा. इंजिन सुधारलं तर व्हॉल्व्ह अडकलाय.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सरही बघून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास एकच दिसायला हवं, आणि नंतर ते न अडखळता ८५-९५ पर्यंत चढायला हवं. इंजिन गरम असूनही आकडा ४० वर अडकला असेल तर ईसीएम थंड समजून पेट्रोल ओततोय. प्लग काळे, सुके काजळलेले दिसतील.

क्रँक सेन्सरचं लक्षण वेगळंच आहे. तो तापून सुटला की इंजिन सगळं एकदम तुटतं किंवा बंदच पडतं, आणि त्या क्षणी आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर येतो. चहाला थांबल्यावर बॉनेटखालची उष्णता आणखी वाढते, म्हणून निघताना गाडी सुरू होत नाही आणि अर्ध्या तासाने होते. पी ०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरचा कोड, दरवेळी पडेलच असं नाही, काट्यावर नजर ठेवा.

पाणी कमी होत असेल, एका सिलेंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी चालवणं थांबवा.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत त्रास होत होता तीच पुन्हा उभी करा: तोच चढ, तेवढाच वेळ, एसी चालू, शक्य असेल तर माणसंही तेवढीच. घरी आल्यावर पेंडिंग कोड बघा, दिवा लागण्याआधी ईसीएम तिथे नोंद करतो. मिसिंग बरेच दिवस अंगावर काढलं असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वर गेली असेल तर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलून टाका.